आधी माझा हात ऐकलात, त्याबद्दल

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपण माझ्याकडून एक रुपयाही घेतला नाही आणि मी आभार मानू लागले तेव्हा चहाचे कौतुक करून विषय बदललात. समोरासमोर जे बोलू दिले नाहीत ते म्हणूनच या पत्रात, सर्वांसमक्ष लिहीत आहे. ॲम्प्लिफायर न लावता, त्याच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्रातून, म्हणजे डिजिटल ॲम्प मॉडेलरमधून, थेट संगणकावर इलेक्ट्रिक गिटार ध्वनिमुद्रित करण्याचा माझा खटाटोप जवळजवळ सुटला होता. तो आपल्यामुळे टिकला.

डोंबिवलीतील आमच्या घराला भिंतीला भिंत लागून शेजार आहे, आतल्या खोलीत सासूबाई झोपलेल्या असतात आणि नोकरी व स्वयंपाक आटोपून गिटार माझ्या हाती येते ती रात्री. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मोठ्या आवाजात वाजवल्याशिवाय त्याचा खरा स्वर उमलत नाही, आणि तेवढा आवाज आमच्या इमारतीत कोणी ऐकून घेणार नाही. त्यामुळे मॉडेलर हाच मार्ग होता. पण डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा स्वर मुद्दाम फाटका व खरखरीत करणारा परिणाम, चालू केले की कढईत मोहरी तडतडावी तसा कर्कश आवाज मुद्रित होत असे. ज्या दुकानातून मॉडेलर घेतला तेथे ‘सगळे सेट करून दिले आहे’ असे सांगितले होते. तक्रार घेऊन गेले तेव्हा प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरे माझ्या धाकट्या भावाला दिली जात होती, ज्याने आयुष्यात कधी गिटार हातात धरलेली नाही. शेवटी याहून महागडे मॉडेल घ्या, असा सल्ला मिळाला. पुढे एका स्टुडिओतील गृहस्थांनी माझे ध्वनिमुद्रण जेमतेम काही सेकंद ऐकून ‘दोष बोटांचा आहे, त्याला मशीन काय करणार’ असा निकाल देऊन टाकला. ते वाक्य माझ्या मनात इतके खोल रुतले की पुढे वाजवतानाही मी बिचकत राहिले.

मावशीचे शेजारी म्हणून आपण घरी आलात तेव्हा लगेच बटणे फिरवू लागाल असे मला वाटले होते. त्याऐवजी आपण सगळे इफेक्ट, ॲम्प, सारे बंद करायला लावलेत आणि पिकअपमधून, म्हणजे तारांची कंपने टिपणाऱ्या गिटारवरच्या चुंबकी भागातून, येणारा निव्वळ कोरा सिग्नल मुद्रित करून मला संपूर्ण रचना वाजवायला सांगितलीत. मग हेडफोन लावून, डोळे मिटून, मांडीवर बोटाने ठेका धरत ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलीत. कोरा ट्रॅक किती बारीक आणि निर्जीव वाजतो हे गिटार वाजवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यात उशिरा आलेला सूर लपत नाही, नीट न दाबलेली तार लपत नाही, फ्रेटवरून घासत गेलेले बोटही लपत नाही. आपण हेडफोन उतरवलेत आणि म्हणालात, “ताई, हात स्वच्छ आहे. आता दोष बाहेर शोधू.”

काका, त्यानंतर आपण जे केलेत ते उपयोगाचे होतेच, पण माझ्या दृष्टीने मदत त्या वाक्यातच पूर्ण झाली होती. माझा हात तपासण्याआधी त्यावर ठपका ठेवणारे मला भेटले होते. तो मन लावून ऐकणारे आपण पहिलेच.

दोष सापडायला फार वेळ लागला नाही. दुकानातून देतानाच मॉडेलरचे आउटपुट खऱ्या ॲम्पला आणि स्पीकरला जोडण्यासाठी लावलेले होते, म्हणून त्यातील कॅबिनेटची, म्हणजे स्पीकरच्या पेटीची, नक्कल करणारा भाग बंद होता. आपण समजावलेत ते मला अजून शब्दशः आठवते. गिटारच्या स्पीकरचा १२ इंची कागदी कोन साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने गाळून टाकतो, आणि डिस्टॉर्शनमधला बहुतेक करकरीतपणा नेमका तिथेच असतो. थेट ध्वनिमुद्रणात कोनच नसल्याने तो सगळा आपल्या कानावर आदळतो. म्हणून खऱ्या कॅबिनेटचा आणि मायक्रोफोनचा मोजून घेतलेला ठसा, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, सिग्नलच्या वाटेत ठेवावा लागतो. तो आपण सुरू केलात आणि माझ्याच बोटांनी वाजवलेला तोच कोरा ट्रॅक त्यातून पुन्हा सोडलात, तेव्हा मला रडू आवरले नाही.

‘डब्यातून वाजवलेली गिटार खरी नव्हे’ हेही त्या स्टुडिओत मला ऐकवले गेले होते. आपण त्यावर रागावला नाहीत, नुसता इतिहास सांगितलात. अमेरिकेतील डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत १९६० च्या दशकातच गिटार आणि बेस गिटार थेट मिक्सरला जोडून ध्वनिमुद्रण होत असे. बोस्टन या बँडचे टॉम शोल्झ यांनी १९८२ मध्ये कमरेला अडकवण्याजोगा रॉकमन हा हेडफोनवर चालणारा छोटा गिटार ॲम्प आणला, १९८९ मध्ये अँड्र्यू बार्टा यांचा सॅन्सॲम्प हा ॲम्पची नक्कल करणारा पेडल आला आणि १९९८ मध्ये लाइन सिक्स कंपनीचा पॉड हा डिजिटल मॉडेलर. मी करते आहे ते नाइलाजाने पत्करलेले काम नसून एका जुन्या वाटेवरचे काम आहे, हे मला त्या संध्याकाळी प्रथमच कळले.

जाण्यापूर्वी आपण एक गोष्ट केलीत जी मी मागितलीही नव्हती. मी रात्री हळू आवाजात काम करते हे लक्षात ठेवून आपण सगळा टोन बोलण्याच्या आवाजाइतक्या पातळीवर स्पीकरवर पुन्हा ऐकलात. कमी आवाजात कानाला खर्ज आणि अतितीव्र स्वर दबलेले वाटतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले होते. त्यामुळेच रात्री हेडफोनवर भरदार वाटलेला खर्ज सकाळी स्पीकरवर अंगावर येतो. आपण त्यातला थोडा कमी केलात आणि कोरा ट्रॅक नेहमी वेगळा मुद्रित करण्याची सवय लावलीत, म्हणजे टोन पुढे केव्हाही बदलता येईल.

ज्यांना पुष्कळ येते अशी माणसे मी पाहिली आहेत. समोरच्याला लहान न करता आपले ज्ञान वापरणारी माणसे मात्र थोडी असतात, आणि ती बहुधा आपल्यासारखी एखाद्या इमारतीत निवृत्त होऊन शांतपणे राहत असतात. माझी मावशी आपली शेजारीण आहे हे माझे भाग्यच म्हणायचे.

दोन रचना पूर्ण झाल्या आहेत. तिसरीत दुसऱ्या गिटारचा भाग जोडते आहे आणि गुढीपाडव्याच्या आसपास ती घेऊन ठाण्याला येईन. तिच्या मधल्या भागात बेस आणि गिटार एकमेकांवर चढत आहेत असे मला वाटते. आपण ऐकून सांगावे.

आपली कृतज्ञ,
डोंबिवलीची ताई