मांज्यात अडकलेली घार

संपादक महोदय,

नोकरी सांभाळून मी लालबाग-परळ भागात जखमी पशुपक्षी सोडवतो. संक्रांतीनंतरचे आठ दिवस फार जड जातात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांज्यावर बंदी घातली, तरी तो मिळतोच. आणि कुजत नसल्याने झाडांवर महिनोन्‌महिने लटकत राहतो. यंदा एका घारीचा पंख हाडापर्यंत कापला होता. माझ्या हातातच ती गेली. त्या रात्री जेवण गेले नाही. बायकोने काही न विचारता ताट झाकून ठेवले. पुढे बरी झालेली दुसरी घार शिवडीच्या खाडीकाठी सोडली. दोन गिरक्या घेऊन ती वर गेली, तेव्हा मात्र रडू आवरले नाही. गच्चीवर पडलेला मांजा कृपया बारीक कापूनच कचऱ्यात टाका.

– एक पक्षिमित्र, परळ