सेल्फ फिरतो, गाडी सुरू होत नाही: न तपासता बदललेल्या पार्टांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
मुख्य कार्यालय, पुणे.

विषय: आपल्या सांगली शाखेने बिघाड न शोधता बदललेले पार्ट, त्यांचे बिल आणि रकमेचा परतावा.

महोदय,

माझी २००४ सालची पेट्रोल गाडी आपल्या सांगली शाखेत दुरुस्तीला दिली होती. जॉबकार्डवर मी स्वतःच्या हाताने तक्रार लिहिली होती: ‘सेल्फ जोरात फिरतो, इंजिन पकडत नाही. गाडी गरम असताना असे होते. तासभर थांबले की आपोआप सुरू होते.’ यातले शेवटचे वाक्य कुणी वाचले असते तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेडचा निदेशक होतो. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे वाकता येत नाही, म्हणून जयसिंगपूरजवळ गाडी बंद पडल्यावर मुलीने आपल्या शाखेची टोइंगची गाडी बोलावली. अन्यथा बॉनेट उघडून मीच पाहिले असते.

आपल्या शाखेने पहिल्यांदा बॅटरी बदलली. सेल्फ जोरात फिरतो याचा अर्थच बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही ठीक आहेत असा होतो. सेल्फ मारताना मीटर लावून पाहिले असते, तर व्होल्टेज दहाच्या खाली जात नाही हे मिनिटभरात कळले असते. पण तोवर गाडी थंड झाली होती, त्यामुळे ती सुरू झाली, आणि बॅटरीमुळे सुरू झाली असे ठरवून आमच्या ताब्यात दिली. कोल्हापूर रस्त्यावर ती पुन्हा बंद पडली.

मग पेट्रोलचा पंप बदलला. कारण असे सांगितले की, सेल्फ मारताना पंपाचा आवाज येत नाही. आवाज येत नव्हता हे खरे, पण कारण चुकीचे. अशा इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन केली की पंप दोनेक सेकंद चालतो आणि थांबतो. त्यानंतर इंजिन फिरत असल्याचा सिग्नल ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, मिळाला तरच तो पंपाला पुन्हा सप्लाय देतो. अपघातात इंजिन बंद पडले तर पेट्रोल वाहत राहू नये, म्हणून ही सोय केलेली असते. माझ्या गाडीत चावी ऑन केल्यावरची घरघर मागच्या सीटजवळ स्पष्ट ऐकू येत होती. म्हणजे पंप, फ्यूज, रिले सगळे जिवंत होते. इंजिन फिरतेय हे ईसीएमला कळतच नव्हते, म्हणून तो पंप चालवत नव्हता. बिघाडाच्या परिणामालाच आपल्या माणसांनी बिघाड समजून चांगला पंप काढून टाकला. नवा पंप बसवेपर्यंत गाडी अर्थातच थंड झाली आणि सुरू झाली.

तिसऱ्या खेपेला प्लग आणि केबल. त्यानेही भागेना, तेव्हा सुपरवायझरने ईसीएम गेल्याचे फोनवर सांगितले, आणि त्याच दमात ‘सर, एवढ्या जुन्या गाडीत पैसे घालू नका, एक्सचेंज करून टाका’ असा सल्लाही दिला. दुसऱ्या दिवसापासून आपल्या एक्सचेंज विभागाचे फोन सुरू झाले ते अजून थांबलेले नाहीत. पंधरा वर्षे झाल्यावर आरटीओत फेरनोंदणी केलेली, पर्यावरण कर भरलेली ही गाडी आहे. ती भंगारात घालायची की नाही हे मी ठरवीन.

बिलात ‘कॉम्प्युटर स्कॅनिंग’चे ८०० रुपये लावले आहेत. सोबत जोडलेल्या छापील रिपोर्टवर मात्र मशीनचा गाडीशी संपर्क झाला नाही एवढेच लिहिलेले आहे. भारतात ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचा बिघाड नोंदवून स्कॅनरला सांगायची यंत्रणा, सक्तीची झाली ती बीएस ४ या प्रदूषण मानकाच्या काळात, पहिला टप्पा २०१० ला आणि दुसरा २०१३ ला. त्याआधीची प्रत्येक गाडी आजच्या सर्वसाधारण स्कॅनरशी बोलेलच असे नाही. त्यात गाडीचा दोष नाही. पण मशीन मुके राहिल्यावर हाताने तपासणी करायची असते. ती न करता मशीन लावल्याचे पैसे घेणे मला पटत नाही.

शेवटी गाडी टोइंग करून मिरजेतल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजमध्ये नेली. त्याने काय केले ते मुद्दाम लिहितो, कारण त्याच्याकडे असे काहीही नव्हते जे आपल्या शाखेत नाही. इंजिन गरम करून बंद पडू दिले. एक जादा प्लग केबलला लावून बॉडीला टेकवला आणि सेल्फ मारला: करंट नाही, म्हणजे ठिणगी पडत नाही. दुसऱ्या केबलला, तिसऱ्या केबलला तेच. मग पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या कनेक्टरला टेस्ट लाइट लावला: तोही मिचकला नाही. सेल्फचा ठोका एकसारखा होता. टायमिंग बेल्ट तुटला असता तर इंजिन नेहमीपेक्षा हलके आणि भराभर फिरले असते, त्यामुळे ती शंका कानानेच मिटली. करंट आणि इंजेक्शन दोन्ही एकाच वेळी गायब, मग दोघांच्या मुळाशी काय? इंजिन फिरतेय हे ईसीएमला कळवणारा क्रँक सेन्सर. तो काढून मीटरला जोडला आणि घरातल्या हेअर ड्रायरने तापवला. थंड असताना बरोबर रीडिंग दाखवणारा मीटर सेन्सर तापल्यावर ओपन, म्हणजे आतला मार्ग तुटल्याचे, दाखवू लागला. आतली वायर उष्णतेने सुटत होती आणि गार झाल्यावर पुन्हा टेकत होती. नवा सेन्सर १,१५० रुपये, मजुरी ३०० रुपये. त्यानंतर भर उन्हात गाडी कोल्हापूरला जाऊन आली.

बिघाड पहिल्या फटक्यात सापडला नाही, ही माझी तक्रार नाही. गरम झाल्यावरच दिसणारा दोष वर्कशॉपमध्ये हुलकावणी देतो, हे मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवले आहे. पण एकदाही प्लगचा करंट पाहिल्याची नोंद जॉबकार्डवर नाही. थंड झालेली गाडी सुरू झाली की नुकत्याच बदललेल्या पार्टाला श्रेय द्यायचे, आणि बंद पडली की पुढचा पार्ट बदलायचा, एवढेच चालले होते. त्याचे पैसे मी का भरायचे?

एकूण बिल १७,००० रुपयांचे आहे. त्यातली ४,८०० रुपयांची बॅटरी मी ठेवून घेतो. जुनी तशीही वर्षभरात बदलावी लागलीच असती. पंपाचे ६,९००, प्लग-केबलचे २,१००, स्कॅनिंगचे ८०० आणि मजुरीचे २,४०० असे मिळून १२,२०० रुपये परत करावेत. आपला नवा पंप काढून न्यायचा असेल तर खुशाल न्या, मात्र आधी माझा मूळ पंप बसवून द्या. काढलेले पार्ट मला विचारल्याशिवाय शाखेने ठेवून घेतले आहेत, ते माझ्या मालकीचे आहेत.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची तरतूद या कायद्यात आहे, आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही. विद्यार्थ्याने तपासणीचा मोबाइलवर व्हिडिओ काढला आहे, तो मागितल्यास पाठवीन.

एक्सचेंजचे फोन मात्र आजच बंद करावेत. जुना पंप कुरिअरने पाठवू नये, त्यात पेट्रोलचा अंश असतो. शाखेत काउंटरवर ठेवा, मुलगी येऊन सही करून घेऊन जाईल.

आपला,
गाडीमालक, मिरज
(नाव, पत्ता आणि गाडीचा नंबर जॉबकार्डवर आहे.)

सोबत: जॉबकार्डची प्रत, बिले, स्कॅनिंग रिपोर्ट, सेन्सरची पावती.