जिंकली लाल-पांढरी, कौतुक निळीचं

महोदय,

रविवारच्या पुरवणीत स्पोर्ट्स कारच्या रंगांवर पानभर लेख आलाय त्याबद्दल लिहितोय. कालच लिहिणार होतो पण एका गिऱ्हाईकाचा बंपर रंगवून द्यायचा होता, आणि खरं सांगायचं तर राग अजून उतरलेला नाही. पहिलं म्हणजे, लेख रंगांवर आणि आमच्या रायगड आवृत्तीत फोटो ब्लॅक अँड व्हाईट? फोटोखाली लिहिलंय 'डोळ्यांचं पारणं फेडणारी निळाई' आणि वर बघतो तर गाडी राखाडी, रस्ता राखाडी, मालकाचा शर्टही राखाडी. भाच्याच्या मोबाईलवर मुंबई आवृत्ती उघडली तेव्हा कुठे कळलं निळाई कशाला म्हणतात ते. किंमत मात्र दोन्हीकडे सारखीच घेता.

असो. लेखकसाहेब म्हणतात की फिकट निळ्या रंगाची, नारिंगी पट्ट्याची ती गल्फ या तेल कंपनीच्या रंगातली पोर्श 917 फ्रान्समधली ले मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली, म्हणून आजही लिमिटेड एडिशन गाड्यांना तो रंग देतात. नाही हो जिंकली. 1970 साली पोर्शने पहिल्यांदा ले मान्स मारलं ती गाडी लाल-पांढरी होती, साल्झबर्ग टीमची, 23 नंबरची, चालवणारे हान्स हेरमान आणि रिचर्ड अॅटवुड. 1971 ला जिंकली ती पांढरी, मार्टिनी या दारूच्या ब्रँडच्या पट्ट्यांची. गल्फवाल्या 917 ने बाकी ठिकाणी भरपूर शर्यती मारल्या, डेटोनाला तर लागोपाठ दोन वर्षं, पण ले मान्स नाही ते नाहीच. त्या रंगात तेव्हा ले मान्स जिंकलं ते फोर्डच्या जीटी 40 ने, 1968 ला आणि परत 1969 ला, आणि दोन्ही वेळा तीच एक गाडी, चासी नंबर 1075. त्यातही 1969 ची तर काय शर्यत, तेव्हा सगळे ड्रायव्हर रस्ता ओलांडून गाडीकडे पळत जायचे आणि स्टार्ट मारायचे, तर हा जॅकी इक्स म्हणे अशा घाईत बेल्ट कोण नीट लावणार, म्हणून निषेध म्हणून आरामात चालत गेला, सगळ्यात मागे सुटला, आणि चोवीस तासांनी शंभर-सव्वाशे मीटरने पहिला आला. एवढा मसाला समोर असताना तुम्ही छापलंत काय, तर जी जिंकलीच नाही तिचं कौतुक.

आणि तो निळा म्हणे 'समुद्राच्या लाटांवरून सुचलेला'. कुठला समुद्र बघितला साहेबांनी? आमचा तर पावसाळ्यात मातकट असतो. गल्फ कंपनीचा स्वतःचा निळा चांगला गडद होता. त्यांनी कॅलिफोर्नियातली विल्शायर ऑइल नावाची कंपनी विकत घेतली, तिचा हा फिकट निळा आणि नारिंगी, तो त्यांच्या एका बड्या साहेबाला गाडीवर उठून दिसेल असं वाटलं. झालं, एवढीच गोष्ट आहे, पेट्रोल पंपाचा रंग आहे तो. मर्सिडीजची चंदेरी कथाही तशीच जशीच्या तशी उतरवलीय, 1934 ला शर्यतीच्या गाडीला 750 किलो वजनाची मर्यादा, गाडी एक किलो जास्त भरली, मग रात्रीतून पांढरा रंग खरवडला आणि खालचा पत्रा चमकला. ही कथा त्यांचे टीम मॅनेजर नॉयबाउर बऱ्याच वर्षांनी सांगायला लागले, आणि जाणकारांनी तिच्यात केव्हाच खोट काढलीय. त्याच साली ऑटो युनियन या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या गाड्याही चंदेरीच होत्या, त्यांनी काय खरवडलं होतं मग? शिवाय हाताने ठोकलेल्या पत्र्यावर रंगाच्या खाली पुट्टी असते, रंग खरवडला की पुट्टी निघते, चांदी नाही. हे कुठल्याही गॅरेजमधल्या पोऱ्याला विचारा.

पण हेही मी सोडून दिलं असतं. लेखाच्या शेवटी जे वाक्य आहे ना, की असा खास ऑर्डरचा रंग जुळवणं भारतात कोणालाच जमत नाही, गाडी परदेशी पाठवावी लागते, त्यासाठी हे पत्र.

नाव घेणार नाही, गाडीचंही आणि मालकाचंही. हल्ली मुंबईहून गाड्या आणणारी रो-रो बोट सुरू झाल्यापासून मांडव्याला कसल्या कसल्या गाड्या उतरतात ते अलिबागकरांना सांगायला नको. तर गणपतीच्या आधी अशीच एक आली, अगदी हाच निळा, आणि मालकांनी ती नेऊन उभी केली कुठे तर वाडीत माडाखाली. नारळ पडला नाही हे नशीब, वाळलेली झावळी पडली, पण झावळीचं बूड काय असतं ते माडाखाली राहणाऱ्यालाच ठाऊक. डाव्या मडगार्डवर थेट प्रायमरपर्यंत ओरखडा. दोन दिवसांनी गाडी कसल्याशा शोमध्ये न्यायची, म्हणून रात्री माझ्या शेडवर फोन.

रंगाचा कोड होता पण खास ऑर्डरचा असल्यामुळे इथल्या पेंटवाल्याच्या कॉम्प्युटरला तो ओळखीचाच नाही. मग पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून घेतलं आणि बसलो. मेटॅलिक रंग एक वेळ बरा, त्यात थोडं लपतं, पण हा फिकट सॉलिड निळा म्हणजे पांढऱ्यात निळा आणि काळा इतका बेताने टाकायचा की काडीच्या टोकावरचा थेंब जास्त झाला तर राखाडी दिसतो, कमी झाला तर शाळेच्या युनिफॉर्मसारखा. कार्डावर मारायचं, वाळवायचं, झाकणाशेजारी धरायचं. ट्यूबलाइटखाली अगदी सख्खे भाऊ दिसतात आणि दारात उजेडात नेलं की एकात हिरवी झाक. आणि उजेड कुठला, बाहेर पाऊस कोसळतोय. त्या दमट हवेत क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, मारला तर वर पांढरट धुकं धरतं, म्हणून शेडला ताडपत्री बांधून हॅलोजन लावून पत्रा कोमट केला, सावकाश उडणारा स्लो थिनर वापरला, आणि रंग पूर्ण पॅनलभर न मारता कडेला विरवत नेला. ही सगळी कार्डं माझ्याकडे आहेत, मागे मिक्सिंग लिहिलेलं आहे, कोणालाही दाखवीन.

मालक खूश झाले, पैसेही न घासाघीस करता दिले. जाताना एवढंच म्हणाले की काका, कुठे बोलू नका, रीसेलला फरक पडतो. म्हणून आजवर बोललो नव्हतो. तुमच्या लेखातली गाडी तीच आहे का मला सांगता येणार नाही, नंबर प्लेट झाकलीय. असेलच तर डावा मडगार्ड भिंग लावून बघा आणि जोड सापडला तर मला कळवा, मी स्वतः ती गाडी परदेशी पाठवायचा खर्च करीन.

लेखात ड्रायव्हरची नावं आहेत, मालकाचं 'पॅशन' आहे, डिझायनर आहे. स्प्रेची बंदूक हातात धरून रंग मारणारा माणूस पानभर लेखात कुठेच नाही, आला तो एकदाच, 'कोणालाच जमत नाही' म्हणून. 1970 ची चूक दुरुस्त करालच अशी आशा आहे, पण दुरुस्ती नेहमीसारखी निविदा सूचनांच्या खाली कोपऱ्यात नको, त्याच पुरवणीत आणि जमलं तर रायगडलाही रंगीत.

एक पेंटर, अलिबाग तालुका

ता. क. रागाच्या भरात एक राहिलंच. 'तुमच्या गाडीलाही द्या हेरिटेज लूक' या चौकटीत तुम्ही जीपला ऑलिव्ह ग्रीन सुचवलाय. केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला नियम 121 वाचा, तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे, आपल्याला मारता येत नाही. आणि दुसरा कुठलाही रंग बदलायचा तरी आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते, तेही चौकटीत नाही. काल एकजण ते कात्रण घेऊनच शेडवर आला आणि पेपरात छापलंय म्हणून वाद घालत बसला. त्याला तुमच्या ऑफिसचा पत्ता दिलाय.