आंबट पाणी आणि शहाबादी फरशी

महोदय,

दिवाळीची सफाई जवळ आली की घरगुती क्लीनरच्या कृती मोबाईलवर फिरू लागतात. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून बाटलीत भरा म्हणतात. फेस झकास येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि बाटलीत उरतं ते साधं खारट पाणी.

मीही गेल्या वर्षी गूळ, लिंबाची सालं आणि पाणी १:३:१० प्रमाणात तीन महिने मुरवलं. (सांगलीत गुळाला काय तोटा!) पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडला. तांबूस, वासाला छान पाणी झालं. ते तसंच स्वयंपाकघरातल्या शहाबादीवर ओतलं, तासाभरानं पुसलं, तर ताटाएवढा पांढुरका, खरबरीत डाग. शहाबादी म्हणजे चुनखडीच, आंबट तिला खातं. कडप्प्याचंही तेच. सासूबाई म्हणाल्या, "अगं, चिंचेनं तांब्या घासायचा असतो, जमीन न्हवं." डागावर आता पायपुसणं आहे.

फरशीला रिठ्याचं पाणी बरं. दहा-बारा रिठे बिया काढून रात्रभर भिजवायचे, उकळून गाळायचे. थोडंच करावं, लवकर आंबतं.

२०१९ च्या महापुरानंतर आमच्याकडं ब्लीचिंग पावडर घरात असतेच. तिच्यात लिंबू-व्हिनेगर कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन सुटतो. पुरवणीत अशा कृती छापताना एवढ्या दोन ओळी सोबत द्याव्यात, ही विनंती.

– एक गृहिणी, सांगली