बसच्या बातमीत मूळ गाव कशाला?

माननीय संपादक,

गोव्यात बसला अपघात झाला, बसमध्ये हाणामारी झाली किंवा थांब्यावर गर्दी उसळली की ‘परप्रांतीय’ हा शब्द मथळ्यात कसा शिरतो, हे बातमीदारीशी संबंध असलेल्या कोणालाही ठाऊक आहे. पोलिसांच्या टिपणात नाव, वय, सध्याचा पत्ता आणि मूळ गाव ओळीने येते: राहणार झुवारीनगर, मूळ विजापूर. वार्ताहर ती ओळ तशीच पुढे पाठवतो. पान सोडायच्या घाईतला उपसंपादक दोन कॉलमांत बसेल असा शब्द शोधतो आणि विजापूरचे ‘परप्रांतीय चालक’ होते. चालक पेडण्याचा किंवा सांग्याचा असेल तर त्याचेही गाव मजकुरात येते, पण ‘गोमंतकीय चालकाने ठोकरले’ असा मथळा कोणी लावत नाही. यात खोटे काहीच छापलेले नसते. तरीही असे महिनोन्महिने चालले की गोव्यातल्या बसचे दुखणे म्हणजे बाहेरून आलेली माणसे, असा वाचकाचा ग्रह होतो.

आणि ती जागा मूळ गावाने अडवल्यामुळे जे विचारायला हवे ते राहून जाते. अपघातग्रस्त बसचा नंबर वार्ताहराकडे असतोच. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर तो टाकला की नोंदणीची तारीख, फिटनेस कधीपर्यंतचा आणि विम्याची मुदत, हे पाच मिनिटांत कळते. आठ वर्षांपर्यंतच्या प्रवासी बसला दर दोन वर्षांनी आणि त्याहून जुनीला दरवर्षी फिटनेसचा दाखला नवा करून घ्यावा लागतो. दाखल्याची मुदत संपलेली बस रस्त्यावर होती का? ती आपल्या परमिटच्या मार्गावर होती का? तिची ठरलेली वेळ कोणती आणि अपघात झाला तेव्हा ती किती मिनिटे मागे होती? हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण गोव्यातल्या खासगी बसचे बरेचसे अपघात वेळेच्या पाठलागात घडतात.

हा पाठलाग कसा होतो, हे वाचकांना एकदा नीट सांगायला हवे. अनेक खासगी बसवर चालक आणि कंडक्टर धंद्यावरच्या टक्क्यावर तरी काम करतात, नाहीतर मालकाला दिवसाकाठी ठरलेली रक्कम देऊन उरलेल्यात भागवतात. म्हणून गाडी भरेपर्यंत स्थानकावर घुटमळायचे, आणि मागची बस दिसली की पुढच्या थांब्यावरची माणसे ती उचलायच्या आत तिथे पोचायचे. कंडक्टर दारात उभा राहून ‘फुडें वच, फुडें वच’ (पुढे जा) करत असतो तो याच हिशेबाने. संध्याकाळी उशिराची फेरी परतीला रिकामी येते, म्हणून ती गुपचूप गाळली जाते. चालक कोणत्या राज्यात जन्मला, यावर यातले काहीही अवलंबून नसते.

फेरी गाळणे हा कायद्याचा भंग आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 72 प्रमाणे परमिट देताना रोजच्या किमान फेऱ्या आणि वेळापत्रक बांधून देता येते, मंजूर वेळापत्रक बसमध्ये आणि थांब्यावर लावायला सांगता येते, तिकीट देण्याची अट घालता येते. अट मोडल्यास कलम 86 खाली परमिट निलंबित किंवा रद्द करता येते. आपल्याकडे किती खासगी बसमध्ये वेळापत्रक चिकटवलेले दिसते आणि किती कंडक्टर न मागता तिकीट फाडतात, हे रोजच्या प्रवाशाला सांगायला नको.

वेर्णा औद्योगिक वसाहतीतून पाळी सुटते त्या वेळेचेच पाहा. मोठ्या कंपन्यांच्या कायम कामगारांना कंपनीची बस असते. कंत्राटी कामगाराला मार्गावरची बस धरावी लागते. एक फेरी गळली की दोन बसची माणसे एकीत कोंबली जातात, पायरीवर लोंबकळतात, त्यांचा फोटो निघतो आणि खाली ओळ येते ती ‘परप्रांतीय कामगारांच्या लोंढ्यामुळे बससेवेवर ताण’. गळलेल्या फेरीचा त्यात उल्लेख नसतो. उलट पणजी स्थानकावर सरकारी कदंब महामंडळाच्या मडगाव शटलच्या रांगेत बघावे. खिडकीवर तिकीट काढायचे, जागा असतील तितकीच माणसे आत, गाडी भरली की मध्ये कुठे न थांबता थेट मडगाव. तिथे बिहारचा गवंडी, सासष्टीची परिचारिका आणि सचिवालयातला कारकून एकामागे एक उभे असतात आणि कोणी कोणाला ढकलत नाही. माणसे तीच आहेत, फक्त व्यवस्था वेगळी आहे.

प्रतिक्रियांचेही तसेच. बससेवेवरची मते बहुधा सकाळी पणजीत किंवा म्हापशात, कोकणी-मराठीत बोलणाऱ्यांकडून घेतली जातात. कन्नड किंवा हिंदी बोलणारा प्रवासी फोटोत असतो, अवतरणचिन्हांत नसतो. शेवटची बस चुकल्याचा फटका त्याला सर्वांत जास्त, म्हणजे खरी माहितीही त्याच्याचकडे. वार्ताहराने संध्याकाळी साडेसहाला वेर्णा, कुंडई किंवा थिवीच्या थांब्यावर तासभर उभे राहून आलेल्या-न आलेल्या बस टिपल्या, तर मंत्र्यांच्या पत्रकार परिषदेपेक्षा मोठी बातमी हाती लागेल.

मे 2024 मध्ये वेर्णा वसाहतीत रात्रीच्या वेळी एक बस रस्त्याकडेच्या झोपड्यांत घुसली आणि चार मजूर झोपेतच चिरडून मेले. अशा बातमीत मृतांचे मूळ गाव लिहायलाच हवे, त्यांच्या घरच्यांपर्यंत ती पोचायला हवी. पण गावाबरोबर नावेही हवीत. ‘चार परप्रांतीय मजूर ठार’ एवढ्यावर थांबलेला मथळा मेलेल्या माणसांनाही गर्दीत ढकलून देतो, आणि हे मला अतिशय लागते.

कातडीच्या रंगाचा प्रश्न याहून उघडा आहे. ऑक्टोबर 2013 च्या अखेरीस एका नायजेरियन नागरिकाच्या खुनानंतर त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला. त्यानंतर बस किंवा टॅक्सीवाल्याशी वाद घालणारा कोणीही काळा परदेशी बातमीत ‘नायजेरियन’ होऊ लागला. तो युगांडाचा, टांझानियाचा किंवा केनियाचा विद्यार्थी असू शकतो. पासपोर्ट पोलिसांनी पाहिलेला नसेल तर राष्ट्रीयत्व छापू नये. गोऱ्या पर्यटकाच्या बाबतीत आपण ही काळजी घेतोच.

वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत, एखाद्याच्या जातीला कमीपणा येईल अशा संदर्भात ती जात लिहिणे टाळावे, असे सांगितले आहे. मूळ प्रांताला आणि वर्णाला तेच माप लावावे, अशी माझी विनंती आहे. परवाना परराज्यात काढलेला आणि त्यातच घोटाळा असेल, तर राज्याचे नाव जरूर घ्या. एरवी मथळ्यातल्या ‘परप्रांतीय’च्या जागी ‘डिचोलीचा’ असे गोव्यातलेच गाव घालून वाचावे. शब्द उपरा वाटला तर दोन्ही काढावेत. फोटोओळीत ठिकाण, तारीख, वेळ आणि बसचा मार्ग असावा. जुना गर्दीचा फोटो नव्या घटनेला लावू नये.

मार्गाचे मंजूर वेळापत्रक आणि वर्षभरात कलम 86 खाली झालेली कारवाई माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते. खात्याला उत्तरासाठी तीस दिवस असतात. आपल्या तालुका वार्ताहरांनी एकेका मार्गासाठी असा अर्ज टाकावा आणि उत्तर थांब्यावरच्या नोंदीशी ताडून छापावे.

चूक झालीच तर दुरुस्ती त्याच पानावर यावी. संकेतस्थळावरचा मथळाही तेव्हाच बदलावा, कारण मोबाइलवर पुढे जातो तो तोच. वाचकांनीही आधी संपादकांना लिहावे. तिथे दाद लागली नाही तर दैनिकातल्या मजकुराबद्दल प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत प्रेस कौन्सिलकडे जाता येते. कात्रण आणि संपादकांना लिहिलेल्या पत्राची प्रत सोबत जोडावी लागते, तेव्हा ती जपून ठेवावी.

आपला,
एक वाचक, फोंडा