डोमेन दुकानाच्याच नावावर ठेवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही वेबसाइटची कामं थांबवलीत आणि तुमची काही गिऱ्हाइकं आमच्याकडे आली. प्रत्येकाच्या हातात त्याच्या डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, सगळी माहिती लिहिलेला तुमचा एकपानी कागद होता. वेबसाइटी सांभाळण्याच्या आमच्या धंद्यात इतकं स्वच्छ हस्तांतर क्वचितच दिसतं, म्हणून आभार चारचौघांत मानतोय.

कागदाची पहिली ओळ रजिस्ट्रंटची, म्हणजे डोमेन ज्याच्या नावावर नोंदलंय त्याची. तिथे दुकानाचं नाव, जीएसटीच्या दाखल्यावर आहे तसंच. बहुतेकांचं इथेच बिघडतं. डिझायनर सोयीखातर स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्याच नावाने डोमेन घेतो. मालक पैसे भरतो, पावती जपतो आणि नाव आपलंच आहे असं धरून चालतो. रजिस्ट्रार, म्हणजे डोमेनची नोंदणी करून देणारी कंपनी, मात्र रजिस्ट्रंट कोण ते बघतो. वाद झालाच तर तो सोडवायची पद्धत डॉट कॉमला यूडीआरपी, डॉट इनला ती नावं सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेची आयएनडीआरपी. यूडीआरपीखाली वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे) एका पंचापुढे जायची फीच १५०० डॉलर, वकील वेगळा. त्यातून नोंदणी आणि वापर, दोन्ही वाईट हेतूने झाले हे दाखवावं लागतं. मालकाच्याच सांगण्यावरून घेतलेल्या नावाबाबत त्यातला पहिला भाग कसा दाखवणार?

दुसरी ओळ खात्याच्या ईमेलची, आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा नाही. छोटी गोष्ट, पण डोमेन बंद पडलं की त्यावरची मेलही बंद पडते. मग पासवर्ड बदलायची लिंक यायची कुठे? टू-फॅक्टरचे (पासवर्डनंतरच्या दुसऱ्या पडताळणीचे) बॅकअप कोड छापून गुमास्ता लायसन्सच्या फाइलीत ठेवायला सांगितलंत, तेही पटलं. मालकाचा फोन हरवला तरी खातं हातात राहतं.

ऑटो-रिन्यूवर, म्हणजे मुदत आपोआप वाढण्यावर, विसंबू नका, असं तुम्ही लाल पेनाने लिहिलंय. बरोबरच आहे. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप पैसे जायला ई-मँडेट (आधी नोंदवलेली परवानगी) लागतं, आणि परदेशी रजिस्ट्रारकडे ते बरेचदा अडतं. कार्डाची मुदत संपली तरी तेच. डॉट कॉमची मुदत उलटल्यावर रजिस्ट्रार ४५ दिवसांपर्यंत सवलत देऊ शकतो, पण तेवढी देईलच असं नाही. काही जण त्या काळातच नाव लिलावात काढतात. पुढचे ३० दिवस रिडेम्प्शनचे, म्हणजे नाव सोडवून घ्यायचे, जबर दंडासह. मग ५ दिवस नाव कुणालाच हलवता येत नाही, आणि त्यानंतर ते कुणीही घ्यावं. तुम्ही सगळ्यांची नावं पाच-पाच वर्षांसाठी भरून ठेवलीत.

रजिस्ट्रार बदलायचा क्रमही तुम्ही अचूक लिहिलात: नाव हलवू न देणारं लॉक काढा, जुन्या रजिस्ट्रारकडे ऑथ कोड, म्हणजे नाव हलवायचा गुप्त कोड, मागा (पाच दिवसांत द्यावाच लागतो), नव्या ठिकाणी भरा. रजिस्ट्रंटचं नाव त्यानंतरच बदला, कारण आधी बदललं तर ६० दिवस ट्रान्सफर अडू शकतं. रजिस्ट्रार तोच ठेवून फक्त खातं बदलायचं असेल तर ट्रान्सफरची गरजच नाही. बहुतेक ठिकाणी आतल्या आत नाव सरकवता येतं. हे माहीत नसल्यामुळे लोक उगाच कोडच्या मागे लागतात.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मागच्या बाजूच्या डीएनएसच्या तक्त्याचा, म्हणजे त्या नावाची वेबसाइट आणि मेल कुठे जायची त्या नोंदींचा. ए (वेबसाइट कुठे आहे), एमएक्स (मेल कुठे जायची), एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरी असल्याची खूण), सगळं उतरवलेलं. नेमसर्व्हर, म्हणजे या नोंदी ठेवणारे सर्व्हर, बदलताना एमएक्स विसरला तर वेबसाइट झकास उघडते आणि मेल मात्र येत नाही. ऑर्डर का थंडावल्या हे मालकाला आठवड्याने कळतं. आम्ही आदल्या दिवशी टीटीएल (जुनी नोंद इतरांकडे किती वेळ साठून राहते तो काळ) ३०० सेकंदांवर आणला, तक्ता समोर ठेवून नव्या जागी एकेक नोंद भरली आणि मगच नेमसर्व्हर बदलले.

एक भर घालतो, रागावू नका. डीएनएसएसईसी, म्हणजे डीएनएसच्या नोंदी खऱ्या असल्याची सही, चालू असेल तर नेमसर्व्हर बदलण्याआधी रजिस्ट्रारकडची त्या सहीची जुनी डीएस नोंद काढावी लागते, आणि तिचाही टीटीएल संपेपर्यंत थांबावं लागतं. नाहीतर ही सही पडताळणाऱ्या नेटवर्कांवर वेबसाइट उघडत नाही आणि शेजारच्याच्या फोनवर मात्र उघडते. तुमच्या कागदावर ती ओळ नव्हती. आम्ही ती खाली लिहून घेतली आणि तोच कागद आता आमच्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला देतो.

तुमचे,
वेबसाइटी सांभाळणारे आम्ही सारे