दंडघेर मोजतो, ओठही उचलून पाहू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सोळा वर्षे अंगणवाडी सेविका आहे. दर महिन्याला मुलांचे वजन, उंची, दंडघेर घेते. गेल्या पावसाळ्यात तीन वर्षांच्या एका मुलीचे वजन सलग तीन महिने जागचे हलेना. "खायलाच कंटाळते हो ताई," आई सांगायची. खिचडीचा घास ती पोर गालात धरून बसे. एकदा वरचा ओठ उचलून पाहिला, तर समोरच्या चार दातांचे काळे खुंट उरलेले. आई द्राक्षबागेत कामाला जाते. आजी साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन तिला निजवायची.

आजीला बोल लावू नये. लेकरू रडू नये म्हणूनच ती देते. माझ्या थोरल्यालाही मी दिली आहे. पण झोपेत लाळ कमी सुटते, गोड दूध वरच्या दातांवर साचून राहते आणि तोंडातले जंतू त्या साखरेचे आम्ल करतात. खालचे पुढचे दात जिभेआड असल्याने बरेचदा धड राहतात, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. "दुधाचेच दात, पडणारच आहेत," असे सगळीकडे ऐकते. अहो, दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात! तोवर त्या पोरीने भाकरी कशाने चावायची?

कीड लागण्याआधी हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसते. तेव्हाच रात्रीची बाटली सुटली आणि फ्लोराइडच्या पेस्टने दोन वेळा दात घासले, तर पुढचे नुकसान थांबवता येते. तीन वर्षांखालच्या मुलाला पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरते, पण घासायचे मोठ्यांनी. बाटली एकदम सुटत नसेल तर साखर बंद करून दुधात रोज थोडे पाणी वाढवत न्यावे, शेवटी नुसते पाणी. वर्ष झाले की दूध वाटीने किंवा पेल्याने द्यावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत दात तपासते, पण वर्षातून दोनदा. मधल्या सहा महिन्यांत पांढऱ्या रेघेचा खड्डा होतो. आमच्या मासिक नोंदीत दातांचा एक रकाना वाढवावा आणि सेविकांना एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे, अशी महिला व बालविकास विभागाला विनंती आहे. ओठ उचलून पाहायला अर्धा मिनिट लागतो. माझ्या अंगणवाडीत मी वहीत हाताने रकाना आखून सुरुवात केली आहे.

आपली,
एक अंगणवाडी सेविका, जि. सांगली